सवचं गरम पाणी

पोलादपुरात माझा दवाखाना आहे. माझ्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणतात. कोणी तसं म्हटलं की मी घाईघाईने दुसराच विषय काढतो — लोकांना तो विनय वाटतो. तो विनय नाही. काय आहे, ते मी आजवर बायकोलासुद्धा कळू दिलेलं नाही.

नाकाबद्दल आधी थोडं सांगायला हवं. नाकाला मार लागला की सगळे बाहेरून बघतात — रक्त, फाटलेली कातडी, सूज. खरी भीती आत असते. दोन नाकपुड्यांच्या मध्ये जो पडदा असतो, त्याच्या आवरणाखाली कधीकधी रक्त साचतं. वरून काही दिसत नाही. ते वेळेवर काढलं नाही तर आतली कूर्चा, म्हणजे नाकाला आधार देणारं मऊ हाड, मरते, कुजते, आणि मग नाक खचतं. बघायला लागतं काय? एक टॉर्च आणि कापसाची काडी. पडदा मऊ लागतोय का, एवढंच दाबून बघायचं. हे मला येत नव्हतं का? येत होतं की! परीक्षेत मी हेच लिहिलं होतं.

वरंधच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या इंदूबाई आपल्या मुलीला, अश्विनीला, घेऊन आल्या. शाळकरी पोर. हापशावर पाणी भरताना दांडा उसळून नाकावर बसला होता, नाकपुडीची कड फाटली होती. त्या दिवशी मला पाचाडला जायचं होतं. कॉलेजातले मित्र रायगड उतरून जेवायला माझी वाट बघत होते. तरी टाके मी मन लावून घातले. पहिला टाका नेमका कडेवर, ती पुढे वरखाली दिसू नये म्हणून. सुंदर जमलं. मी स्वतःवरच खूश झालो — आणि हात धुतले. टॉर्च टेबलावरच होता.

दोन-तीन दिवसांनी इंदूबाई परत आल्या. "नाक चोंदलंय हिचं, डॉक्टर. तोंडानं श्वास घेते. अंगबी गरम हाय."

मी टाके बघितले. टाके छान होते. मग नाकात वरवर डोकावलो. आत दोन्ही बाजूंनी लालसर काहीतरी फुगलं होतं — आणि मी सर्दी म्हणालो. थेंब दिले. मला खरंच सर्दी वाटली होती का? नाही. शंका आली होती. पण ती खरी निघाली असती, तर माझी चूक कबूल करावी लागली असती.

थेंबांनी नाक सुटेना, म्हणून इंदूबाई तिला महाडजवळ सवला घेऊन गेल्या. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावर आमच्याकडची माणसं दुखण्याखुपण्याला जातातच. वाफ लागली तर पोरीला श्वास घेता येईल, एवढंच त्या आईच्या मनात. पुढे ताप चढला, नाकाला घाण वास यायला लागला, तेव्हा कुठे मी तिला महाडला नाकाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी पू काढला. कूर्चा उरलीच नव्हती. त्यांचा मला फोन आला — पहिल्या दिवशी आत बघितलं होतं ना? मी हो म्हणालो.

टाक्यांचा वण जवळजवळ दिसेनासा झाला. नाक मात्र बसत गेलं. अश्विनी आली की दर खेपेला मधला भाग आणखी थोडा खाली गेलेला असायचा, आणि मला ते दारातूनच दिसायचं. मी वाट बघत होतो — आई कधी विचारते याची. एके दिवशी विचारलंच त्यांनी, असं का होतंय? बाकावर बाकीचे पेशंट बसले होते. मी म्हणालो, "सवला कोणी न्यायला सांगितलं होतं? त्या वाफेनेच आतला पडदा गेला."

किती सोपं होतं! इंदूबाई तोंडाला पदर लावून बसून राहिल्या. अश्विनी आईकडे बघत होती. ती नजर माझ्या वाट्याची होती.

आता अश्विनी मुंबईत नोकरी करते. करोना गेला, सगळ्यांचे मास्क गेले, तिचा नाही गेला. ती गावी येत नाही. आईचा फोन उचलत नाही.

गेल्या महिन्यात इंदूबाई नातवाला, लेकाच्या पोराला, घेऊन आल्या. पडून त्याच्या नाकाला लागलं होतं. मी टॉर्च लावला, काडीने पडदा दाबून बघितला. हल्ली मी प्रत्येक नाकात बघतो. आत काही नव्हतं.

"याला नाय नेणार हां सवला," इंदूबाई म्हणाल्या. "एक पोर माज्या हातानं वाया गेली." मग थोड्या वेळाने, "तुमच्या फोनवरनं लावा ना तिला. मी मुद्दाम नाय केलं, सांगा. तुमचं ऐकंल ती."

बोलायची वेळ हीच नव्हती का? एक समोर बसलेली, दुसरी फोनवर. एका वाक्याचं काम होतं. अश्विनीने फोन उचलला, आणि मी म्हणालो, "अश्विनी, आईला माफ कर. तिला बिचारीला काय कळत होतं?"

मग ती हळूच म्हणाली, "बरं डॉक्टर. द्या तिला."

माय-लेकी बोलल्या, रडल्या. फोन परत देताना इंदूबाई वाकून माझ्या पाया पडल्या. मी पाय मागे घेतले नाहीत.