नकाशातला ब्याऐंशी फुटांचा माड

२०२३ साल. मला तेव्हा बहात्तरावं लागलं होतं, आणि त्या वर्षी माझी पक्की खात्री झाली की देवाने पृथ्वी घाईघाईत अर्धवट सोडली आणि राहिलेलं काम माझ्या व्याह्यांच्या अंगावर टाकलं. व्याही म्हणजे माझ्या धाकट्या लेकीचे सासरे. मूळचे घाटावरचे, टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झालेले, विरारला चौथ्या मजल्यावर फ्लॅट. दुसरा कोणी असता तर नातवंडं खेळवत बसला असता. यांनी आमचं गाव, नंदाखाल, मनावर घेतलं.

झालं असं, की गावात मोबाइलला धड रेंज नाही, म्हणून लोकांनी मिळून गावाचं स्वतःचं बिनतारी इंटरनेट करायचं ठरवलं. पाण्याच्या टाकीवर एक मोठी तबकडी, छपराछपरावर एकेक लहान. अट एवढीच की छपरावरची तबकडी टाकीवरून थेट दिसली पाहिजे. मध्ये माड आला की खेळ खलास. कुठलं घर दिसतं ते ठरवायला इंटरनेटवरचा एक नकाशा घेतला. त्यात कोणीही भर घालू शकतो म्हणे, पण आमच्या गावासाठी कोणी घातलेली नव्हती. सगळं गाव म्हणजे नुसता हिरवा डाग. ते पाहून व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत, मी समोर होतो. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, बहात्तर वर्षं त्या हिरव्या डागात पोटभर जेवत होतो, पण त्यांना ते बघवेना.

मग काय, रोज सकाळी रिक्षाने हजर. गळ्यात मोबाइल, खांद्याला टेप. विहिरी टाकल्या, गोठे टाकले, देवळं, क्रूस, कुंपणातली भगदाडंसुद्धा टाकली, कारण लोक त्यातूनच जातात म्हणून ती वाट. काशीबाईचं कोंबड्यांचं खुराडं त्यांनी इमारत म्हणून नोंदवलं. ती बाई ऊन बघून रोज खुराडं सरकवते. तिला ताकीद दिली, "हलवायच्या आधी मला एक फोन करत चला." ती म्हणाली, "कोंबड्यांना इचारून सांगते."

डोळ्यांपेक्षा नकाशावर त्यांचा भरवसा जास्त. एकदा बोलता बोलता ते माझ्या वाडीतल्या बावखलात, म्हणजे आमच्या जुन्या तळ्यात, सरळ चालत गेले. पाण्यावर हिरवं शेवाळ होतं, हे मान्य. पण मी ओरडत होतो ना! कमरेएवढ्या पाण्यातून मला म्हणतात, "नकाशात इथे जमीन आहे, व्याही." मी हात पुढे केला, तर यांनी मोबाइल उंच धरलेला. "थांबा, आधी नोंद करतो, मग बाहेर येतो." आणि तसंच केलं. बेडूक बघत होते.

शेवटी माडांची उंची आली. ते घरोघर विचारत फिरले आणि इथे आमच्या लोकांची खोड नडली. आपला माड लहान आहे असं आमच्या गावात आजवर कोणी कबूल केलेलं नाही. शेजारच्या पास्कूने त्याचं वाकडं काडूक, नावाचाच माड तो, सत्तर फूट सांगितलं. ते ऐकून माझ्या तोंडून ब्याऐंशी निघालं. ऐंशी म्हटलं असतं तर अंदाज वाटला असता. ब्याऐंशी म्हटलं की मोजलेलं वाटतं. व्याह्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

महिन्याभराने यादी लागली. कोणाच्या घरी जोडणी मिळणार, कोणाच्या नाही. माझं नाव होतं, पास्कूचं होतं. माझ्या आक्काचं नव्हतं.

आक्का माझी थोरली बहीण. माझ्या वाडीच्या पलीकडे, शेजारच्या राजोडी गावाच्या अंगाला एकटी राहते. तिची लेक मस्कतला. लेकीचं तोंड बघायचं तर आक्का काठी टेकत मोठ्या रस्त्यापर्यंत येते आणि तिथे दगडावर बसून बोलते. आता गुडघे गेले. या दिवाळीपासून येणं जमायचं नाही, असं तिने मला सांगून टाकलं होतं. मला म्हणाली, "यादीत नाय तर नाय रे. आवाज येते ना कधी कधी, तेवढा पुरे."

मी तडक व्याह्यांना गाठलं आणि हाताला धरून टाकीवर चढवलं. तिथून माझ्या माडाच्या शेंड्याच्या वरून, पलीकडची आक्काची लाल कौलं साफ दिसत होती.

"दिसतंय की हो!"

"दिसतंय," ते म्हणाले, "पण नकाशात दिसत नाही. मध्ये तुमचा माड आहे. ब्याऐंशी फूट."

"मग पास्कूचा सत्तर फुटांचा आड नाही आला तो?"

"तो मी सावलीवरून मोजला. चव्वेचाळीस भरला. सगळ्यांचे मोजले, सगळ्यांचे कमी भरले."

"आणि माझा?"

व्याह्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही मला लेक दिलीत. तुमचा शब्द मी टेप लावून बघायचा का? ब्याऐंशी म्हणालात, ब्याऐंशी लिहिलं."

आम्ही खाली उतरायला लागलो. जन्मभर लोकांनी माझ्याशी हुज्जत घातली, भाऊबंदांनी वाडीची हद्द चार वेळा मोजायला लावली. आणि हा येडा घाटावरचा, जो कोंबड्यांच्या खुराड्यालाही टेप लावतो, त्याने माझं एवढंच एक न मोजता ठेवलं होतं. नकाशात खोटं नेमकं तेवढंच उरलं होतं. शेवटच्या पायरीवर त्यांनी मलाच हात दिला. "सांभाळून हं, व्याही," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नारळ उतरवणाऱ्याला बोलावलं. त्याला माडाच्या शेंड्यावर चढवून दोर खाली सोडायला लावला आणि जमिनीला टेकला तिथे गाठ मारली. पास्कू कुंपणावरून हसत होता, त्याला हसू दिलं. तो दोर खांद्यावर टाकून विरारची रिक्षा धरली, चार मजले चढलो, आणि व्याह्यांनी दार उघडताच दोर त्यांच्या हातात देऊन म्हटलं, "मोजा."