बॅलीकोरिनची आरोळी

परवा मलिंगार शहरातल्या एका दुकानात नव्या दोराचा वास आला आणि माझे तळहात हुळहुळले. पंधरा वर्षांपूर्वीची ती रविवारची दुपार अंगावर धावून आली.

बॅलीकोरिन हे आमचं आयर्लंडमधलं चाळीसेक घरांचं गाव. तेव्हा मला तिथे राहायला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. शेजारच्या गावाशी बायकांची रस्सीखेच होती आणि ऐन वेळी आमच्यातल्या एकीचा पाय मुरगळला.

"अंगात जोर आहे ना? ग्रँड!" म्हणत दुकानवाल्या नोराने मला थेट मैदानात ओढलं.

"ही बाहेरची आहे!" पलीकडच्या बायका ओरडल्या.

पंचांनी मला विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

या प्रश्नाला मी नेहमी "पुण्याची" म्हणायचे. त्या दिवशी तोंडून निघालं, "बॅलीकोरिनची."

आमच्या बाजूने असा गलका उठला की कुरणातल्या मेंढ्या पळाल्या. शिट्टी वाजली. टाचा चिखलात रुतल्या, चिरडलेल्या गवताचा वास नाकात भरला, दोर हाताला चटके देऊ लागला. आम्ही पुढे घसरत होतो. काही सुचेना, तेव्हा मी जिवाच्या आकांताने ओरडले, "हर हर महादेव!"

कुणालाच अर्थ कळला नाही, पण आमच्या सगळ्याजणी तेच ओरडत दोर मागे खेचू लागल्या आणि जिंकून एकमेकींच्या अंगावर कोसळल्या.

तेव्हा मला ती एका दुपारची गंमत वाटली होती. पण आमच्या बायका अजूनही दोर हातात घेतला की तेच ओरडतात. पलीकडच्या गावाला वाटतं, ती बॅलीकोरिनची जुनी आयरिश आरोळी आहे.