झिनाईदाने धरलेला सूर

कापडगिरणीच्या मागांनी झिनाईदाचा उजवा कान खाल्ला होता, तरी व्होल्गाकाठच्या त्या गावातल्या गायकवृंदात तिच्याइतका खर्जातला पक्का सूर दुसऱ्या बाईचा नव्हता. लांबलचक सूर तुटू नये म्हणून वृंदात शेजारी उभ्या बायका एकाच वेळी श्वास घेत नाहीत. शेजारची फाइना श्वास घ्यायची तेव्हा झिना सूर धरून ठेवायची. एकवीस वर्षांची जोडी होती ती.

पंच्याऐंशी सालच्या हिवाळ्यात नवी रचना आली, एका जुन्या कथेवर बेतलेली. अधिकारी नावाड्यांची देवप्रतिमा जप्त करून नेतात आणि नावाडी तिच्यामागे प्रार्थना गात राहतात. वाद्य एकही नाही, शब्द देवळातलेच. झिनाचे वडील जुन्या पंथाच्या प्रार्थनाघरात हेच शब्द गायचे. सदतीस सालच्या धरपकडीत पोलिसांनी त्यांना नेलं, आणि आईने घरात गाणंच बंद केलं. "ओठ मीट," एवढंच म्हणायची. आता साठीला टेकलेल्या झिनाला ते शब्द एकदाच, भरल्या सभागृहात, तोंड उघडून गायचे होते.

धर्माला थारा न देणाऱ्या सरकारच्या संस्कृती खात्याची मंडळी दुपारची तालीम ऐकायला यायची होती.

"ही गोष्ट आहे, पूजा नाही," संचालक रोदिओन ल्वोविचनी बजावलं. "हात खाली, चेहरा कोरा."

"माझा जन्मापासून कोराच आहे," फाइना पुटपुटली. "झिने, तू तुझा सांभाळ."

चेहरा झिनाने सांभाळला. पण शेवटी मृतांच्या चिरस्मृतीची प्रार्थना आली आणि तिचा हात क्रूसाची खूण करायला आपसूक वर गेला. तोही दोन बोटं ताठ धरून, वडिलांच्या रीतीने. कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा. फाइनाने कोपर मारलं, तोवर व्हायचं ते झालं होतं.

कार्यक्रमाला मंजुरी मिळाली. रोदिओन ल्वोविचनी तिला जिन्यापाशी गाठलं.

"झिनाईदा येर्मोलायेव्हना, रचना बचावली. तुम्हाला मात्र..."

"कळलं हो. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ती म्हणाली. मग हळूच, "खाली प्रेक्षकांत बसायला जागा तरी द्याल ना?"

कार्यक्रमाच्या दिवशी तिला चौथ्या रांगेत जागा मिळाली. चिरस्मृती सुरू झाली. ठरल्या जागी फाइनाने श्वास घेतला, आणि सूर क्षणभर मोडला. सभागृहात दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. झिनाने छाती भरून घेतली होती. सूर गळ्यापर्यंत आलाही होता.

मंचावरून फाइना तिच्याकडेच बघत होती.

झिनाचे ओठ मिटलेलेच राहिले.