चौकड्यांचा शर्ट

आमच्या मान्ता बंदरातल्या गल्लीत सोइलाइतके टोमणे खाल्लेली बाई दुसरी नाही. तिचा वेलिंग्टन सव्वीस वर्षांचा, स्वमग्न, बोलत नाही. नवरा मासेमारी करायचा, तो ऑक्टोबरात इस्पितळात वारला. गर्दी सोसत नाही म्हणून पोराला दफनाला नेलंच नाही. मग तो रोज संध्याकाळी दाराशी बापाची वाट बघत बसायचा.

वर्ष संपताना आम्ही जुन्या वर्षाचा पुतळा करतो. भुसा भरून दिवसभर खुर्चीवर बसवतो आणि मध्यरात्री जाळतो. पोरं जुने कपडे मागायला आली, तेव्हा दुःखही जळून जाईल म्हणून सोइलाने नवऱ्याचा चौकड्यांचा शर्ट दिला. त्या दिवशी वेलिंग्टन पुतळ्याच्या खांद्याला टेकून शांत बसला. सगळ्यांना बरं वाटलं. रात्री काडी सोइलानेच लावली. तो किंचाळत आगीत घुसला, दोन्ही हात भाजले.

तेव्हापासून तो माणसांचे शर्ट ओढू लागला. बटणं तुटायची, नखं लागायची. कोपऱ्यावर मासे भाजणारा सेगुंदो तर रक्तबंबाळ झाला.

"बैल पोसलायस, आता बांध तरी," तो सोइलाला म्हणाला.

दवाखान्यातून गुंगीचे थेंब मिळाले. पोरगा लाळ गाळत पडून राहायचा, उठला की पुन्हा तेच. शेवटी गल्लीने ठरवलं, सोमवारी त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडायचं. ठरवायला काय जातं, पोरगा दुसरीचा.

शनिवारी अशा मुलांना शिकवणारी मारिबेल आली. तिने एवढंच विचारलं, "तो ओढतो तेव्हा समोरचा माणूस काय करत असतो?"

सोइला आठवू लागली. सेगुंदो शेगडीशी होता. शेजारचा सिगारेट पेटवत होता. ती स्वतः गॅसपुढे होती.

"मारत नाहीये गं तो," ती म्हणाली. "आगीपासून लांब ओढतोय."

मारिबेलचा उपाय साधा होता. त्याने बाही धरली की लगेच मागे सरकायचं, म्हणजे त्याला जोर लावावाच लागणार नाही. रविवारी सोइला घरोघर हातापाया पडत फिरली. सेगुंदोसुद्धा "सरकलो बाबा, सरकलो," असं कुरकुरत सरकू लागला. सोमवार टळला. आता वेलिंग्टन नुसती बाही धरतो.

लोक म्हणतात, सुटली बाई. कसली सुटते? परवा त्याने गॅसपुढून मागे ओढल्याने तिचा भात पुन्हा कच्चा राहिला, तेव्हा मी म्हटलं, "पोरगा घरी राहिला ना, मग आता का रडतेस?"

"त्याच्या डोळ्यांदेखत मी त्याच्या बापाला जाळलं," ती म्हणाली. "तरी रोज मला आगीपासून ओढतो."