मास्तरांच्या कानाचं मशीन

कानाची मशीनं विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंना सगळे ‘फटकळताई’ म्हणायचे, आणि ताईंना त्याचा अभिमानच वाटायचा. नणंदेच्या वाढदिवसाला, तिच्याच पाहुण्यांसमोर, “या कोटात तुम्ही गुंडाळलेल्या गादीसारख्या दिसता,” असं त्या म्हणाल्या होत्या. खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही!

एकदा सकाळी म्हातारे बँडमास्तर आणि त्यांची बायको दुकानात आले. आयुष्यभर बँड वाजवून मास्तरांनी कानांची पार वाट लावली होती, आणि आता मशीनही बंद पडलं होतं. आजी बाहेरच्या बाकावर बसल्या. आतल्या खोलीत ताईंनी नळीतला मळ काढला, बॅटरी बदलली आणि मशीन मास्तरांच्या कानात बसवलं.

“येतंय का ऐकू?”

येत होतं. दाराबाहेर आजी शेजारच्या अनोळखी गिऱ्हाइकाला मास्तरांचं घोरणं, त्यांचे मोजे आणि घरातला गळका नळ यांबद्दल अगदी सविस्तर सांगत होत्या. मास्तरांचा चेहरा पडला.

“पोरी, मशीन कामातून गेलंय म्हणून सांग.”

“आजोबा, मी खोटं बोलत नाही.”

“मग गप्प बस. त्याला काय पैसे पडतात?”

तेवढ्यात आजी आत आल्या. “झालं का नीट?”

मास्तर छताकडे बघत काहीच न कळल्यासारखे हसत होते. ताईंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “या मशीनचं काही खरं नाही हो,” त्या म्हणाल्या.

दुपारी जेवताना ताईंनी सगळं नवऱ्याला सांगितलं, तर तो पोट धरून हसला. “तू गप्प बसलीस? पेपरात द्यायला हवं!”

“थट्टा नको. मास्तरांनी विश्वासानं सांगितलं, ते फोडवत नाही. आणि ती बिचारी म्हातारी घरात घसा फोडत असेल, तेही सहन होत नाही.”

चार-पाच दिवस अशीच घालमेल झाली. शेवटी ताई उठल्या आणि मास्तरांच्या घरी गेल्या. मास्तर स्वयंपाकघरात आडवे होऊन पान्यानं नळ आवळत होते. ताईंनी आजींना बाजूला घेतलं.

“आजी, माझं चुकलं. ते मशीन...”

“चालू आहे,” आजी हळूच म्हणाल्या. “दुसऱ्याच दिवशी कळलं. मी मांजराला म्हटलं, चहात साखर कमी पडली बाई. तर हे डबा घेऊन हजर!”

“मग बोलला का नाहीत?”

“वेडी की काय तू? लग्न झाल्यापासून सांगून सांगून थकले, यांनी एक काम केलं नाही. आता मांजराला सांगते, सगळं होतं. तू बोलू नकोस हं यांना!”

निघताना मास्तरांनी ताईंना दारात गाठलं. “तिला कळलं नाही ना?” ते कुजबुजले. “हल्ली मांजरापाशी माझं कौतुक करते गं. तोंडावर कधीच केलं नाही.” त्यांचा चेहरा उजळला होता.

ताई मान हलवून बाहेर पडल्या. खरं सांगायला गेल्या होत्या, आणि आणखी एक गुपित घेऊन परत निघाल्या होत्या. रस्ताभर त्या स्वतःशी भांडत होत्या. आजवर खरं बोललो, ते समोरच्याला हवं होतं म्हणून, की आपल्याला बोलल्याशिवाय राहवत नव्हतं म्हणून? उत्तर काही आवडण्यासारखं नव्हतं. तरी मास्तरांचा तो उजळलेला चेहरा आठवून भर रस्त्यात त्यांना एवढं हसू आलं, की समोरून येणाऱ्या माणसानं वळून पाहिलं.