व्याह्यांची सुबाभूळ

माझा मामा वजनकाटे दुरुस्त करतो आणि बोलतोही तोलूनच. एखादा शब्द जास्त पडला तर उचलून परत घेईल, असा चेहरा करतो. गल्लीत त्याला तोळामामा म्हणतात.

त्याच्या मुलीचं, म्हणजे आमच्या ताईचं, लग्न भिंतीपलीकडच्या घरात झालं. मुलगी हाकेच्या अंतरावर राहिली म्हणून मामी खूश. मामा मात्र त्या दिवसापासून भिंतीजवळ गेला की आवाज खाली आणायला लागला. पलीकडे आता शेजारी नव्हते, व्याही होते.

व्याह्यांच्या परसात सुबाभूळ होती. कुणीतरी ‘लवकर वाढते’ म्हणून रोप दिलं आणि तिने तो शब्द पाळला. शेंगा वाळून तडकल्या की बिया थेट मामाच्या अंगणात. फरशांच्या सांध्यासांध्यातून रोपं आली. एक तर मामाच्या कामाच्या खोलीच्या भिंतीला चिकटूनच.

शेजाऱ्याला माणूस सांगतो, ‘तुमचं झाड आवरा.’ व्याह्यांना काय सांगणार? मामाचं म्हणणं असं, की आपला शब्द विहीणबाईंच्या मनात जपून राहील आणि भाजी खारट झाली त्या दिवशी ताईच्या ताटात पडेल. म्हणून दुपारी व्याही झोपले, की हा मामीची शिवणाची कात्री घेऊन ओणवा होई आणि रोपांचे शेंडे छाटी. सुबाभळीला आणखी काय हवं असतं? एक शेंडा कापला की चार फुटतात. मामाने जितकी मर्यादा पाळली, तितकं रान माजलं.

एकदा व्याही लवकर उठले.

“काय शोधताय?” भिंतीवरून विचारलं.

“स्क्रू पडलाय,” मामा म्हणाला.

मग रोजच स्क्रू पडायला लागला. व्याही मनाचे मोठे. बाजारातून दोरी बांधलेलं एक जाडजूड चुंबक घेऊन आले. “घ्या, कंबर तरी वाचेल!” तेव्हापासून मामाच्या एका हातात चुंबक आणि दुसऱ्या हातात कात्री. मी त्यावरून त्याला यथेच्छ छळलं.

पण खोलीच्या भिंतीला चिकटलेल्या रोपाचं खोड झालं होतं आणि मुळं जमिनीखालून आत पसरत होती. कामाच्या खोलीतली फरशी उचलली गेली आणि तिच्यावरच्या मोठ्या काट्याची सुई मध्ये थांबेना. मामा काट्याच्या पायांखाली पुठ्ठे सारत राहिला. शेवटी त्याने दुरुस्त केलेले दोन काटे सरकारी तपासणीत नापास होऊन परत आले. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्या रात्री तो जेवला नाही.

“मी बोलते त्यांच्याशी,” मामी म्हणाली.

“नको. धंदा गेला तर जाऊ दे. पोरगी तिकडे नांदतेय.”

तिकडे म्हणजे भिंतीपलीकडे. जणू मध्ये समुद्रच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई डबा परत द्यायला आली, तर बाप ओणवा.

“बाबा, काय करताय?”

“स्क्रू पडलाय गं.”

“त्याला पानं फुटलीत.”

मामाने कात्री मागे लपवली. मीच सगळं सांगून टाकलं. ताईने आत जाऊन पुठ्ठ्यांची चळत पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

“माझ्यासाठी? बाबा, त्या घरात ऐकून घ्यायचं काम बाकीचे करतात.” आणि तिने भिंतीवरून सासऱ्यांना हाक मारली, “अण्णा! करवत घेऊन या!”

पलीकडून झोपेतला आवाज आला, “लहान की मोठी?”

मामाने पाठीमागची कात्री पुढे आणली.

संध्याकाळपर्यंत सुबाभूळ आडवी झाली. दोन्हीकडची खोडं खणून मुळासकट काढली, नाहीतर पुन्हा फुटली असती. विहीणबाई चहा घेऊन आल्या. “सुटले बाई! शेंगा झाडून कंबर गेली माझी.” अण्णा मात्र चुंबकाकडे बघत होते.

“म्हणजे स्क्रू पडलाच नव्हता?”

“एक पडला होता,” मामा म्हणाला. “सुरुवातीला.”

फरशी नव्याने बसवली. सुई मध्ये येऊन थांबली, तेव्हा मामाने पुठ्ठ्यांची चळत चुलीत घातली.

मातीतल्या बिया अजून रुजतात. आता अण्णा दुपारी झोपत नाहीत. दोघे व्याही अंगणात समोरासमोर ओणवे होऊन रोपं मुळासकट उपटतात. रस्त्यावरून कुणी विचारलंच, काय चाललंय, तर अण्णा मान वर न करता सांगतात, “स्क्रू पडलाय.”