स्टीलचं मूळ आणि तलावातला माझा वाटा

सिंदेवाहीच्या मंडळींनो, ऑफिसातून थेट सायबर कॅफेत आले. हे तुमच्याशिवाय कोणाले सांगू?

मी न्हावाशेवा बंदरात आयात मालाचे कस्टमचे कागद भरते. आज स्टीलच्या कॉइल्सचे कागद कस्टमच्या साहेबांनी परत केले. जहाज सिंगापूरहून आलं, म्हणून मूळ देशही मी सिंगापूरच लिहिला होता.

"मॅडम, माल वाटेत कुठे थांबला ते नको. स्टील बनलं कुठे, ते लिहा. ड्युटी त्यावर ठरते."

कारखान्याचा दाखला काढून कोरिया लिहिलं, तेव्हा कुठं सही झाली. सही करता करता साहेबांनी सहज विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

मी म्हटलं, "पनवेलची."

संध्याकाळी सिंदेवाहीहून आईचा फोन आला. "आज आपल्या गावच्या तलावातले मासे काढले, बाई. तुया वाटा काढला."

"मी तर इथी आहे. मंग काऊन काढला?"

"तू नाई आली म्हणून का तुया वाटा नाई काढाचा? वाळवून ठेवतो."

तेव्हापासून साहेबांकडे परत जाऊन सांगावंसं वाटून राह्यलं: पनवेलला मी नुसती थांबली आहे, साहेब.

तुमचा वाटा गावात अजून कोण काढून ठेवते?